सोळावे कार्ड

कधी छापलेच गेले नव्हते असे एक बेसबॉल कार्ड, म्हणजे संग्राहक जमवतात ते खेळाडूच्या छायाचित्राचे कार्ड, मी मागच्या वर्षी विकत घेतले. त्याच्यासोबत आणखी चार कार्डे होती आणि पाचांचे मिळून २,४०० डॉलर मी मोजले. मी फसलो त्यात विक्रेत्याची हुशारी होतीच, परंतु त्या हुशारीला लागणारा सगळा कच्चा माल मीच त्याला पुरवला होता, आणि हे सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे. जुनी कार्डे, नाणी, टपाल तिकिटे, काडेपेट्यांची चित्रे असे काहीही अभ्यास करून जमवणाऱ्याच्या वाट्याला हा प्रकार येऊ शकतो.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीनिमित्त ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराजवळ येऊन मला वीस वर्षे होऊन गेली. एकोणिसाव्या शतकात डुकराच्या मांसाच्या व्यापारावरून या शहराला ‘पोर्कोपोलिस’ असे टोपणनाव पडले होते, आणि कान्स ही १८८३ साली सुरू झालेली मांस कंपनी इथलीच. या कंपनीने १९५५ ते १९६९ अशी सलग १५ वर्षे बेसबॉलपटूंची कार्डे काढली. च्युइंगगमबरोबर मिळणारी टॉप्सची कार्डे देशभर विकली जात. खाद्यपदार्थांच्या पाकिटांतून मिळणारी कार्डे मात्र त्या त्या शहरापुरती असत. मिलवॉकीत जॉन्स्टनच्या बिस्किटांबरोबर ब्रेव्ह्ज संघाची, डेट्रॉइटमध्ये ग्लेंडेलच्या हॉटडॉगबरोबर टायगर्सची, लॉस एंजेलिसमध्ये मॉरेलच्या मांसाबरोबर डॉजर्सची. शाकाहारी माणूस सॉसेजच्या पाकिटांतील चिठोऱ्यांच्या मागे का लागला, असे माझी पत्नी अधूनमधून विचारते. समाधानकारक उत्तर मला अजून सुचलेले नाही.

फसवणूक कळण्यासाठी या कार्डांबद्दल थोडे सांगावे लागेल. १९५५ ची कान्सची कार्डे फक्त सहा खेळाडूंची असून ती एका करमणूक उद्यानातील एक दिवसाच्या कार्यक्रमात वाटली गेली. १९५६ पासून हॉटडॉगच्या प्रत्येक पाकिटात एक कार्ड घातले जाऊ लागले, आणि ते मांसाला थेट चिकटून राहत असल्यामुळे त्या वर्षीची कार्डे आज बहुधा डागाळलेलीच मिळतात. आकार सव्वातीन इंच गुणिले चार इंच, छपाई काळी-पांढरी, खेळाडूच्या छायाचित्राखाली जाहिरातीची अर्ध्या इंचाची पांढरी पट्टी आणि मागची बाजू पूर्ण कोरी. ही पट्टी कापलेली असेल तर किंमत फार उतरते. १९५६ च्या संचात १५ खेळाडू आहेत आणि त्यांच्यामागे मैदान स्पष्ट दिसते. १९५७ च्या संचातील सिनसिनाटीच्या खेळाडूंमागे बहुतेक वेळा नुसतीच फिकट करडी पार्श्वभूमी आहे. १९५८ मध्ये कार्डांच्या पाठीवर मजकूर आला. म्हणजे पहिल्या तीन वर्षांची कार्डे एकरंगी, बिनक्रमांकाची आणि कोऱ्या पाठीची आहेत. नक्कल करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार, हा विचार मला तेव्हा शिवला नव्हता.

१९५६ च्या पंधरा कार्डांत सर्वांत महत्त्वाचे सिनसिनाटी संघातल्या फ्रँक रॉबिन्सनचे. त्या वर्षी त्याने ३८ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे मैदानापार टोले) मारून नवोदित खेळाडूच्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली. टॉप्सचे त्याचे पहिले कार्ड मात्र १९५७ चे आहे. हॉटडॉगच्या पाकिटातले कार्ड त्याच्याही आधीचे, म्हणून त्याला मागणी. माझे लक्ष मात्र एका न दिसणाऱ्या कार्डावर होते. जॉर्ज क्रो हा पहिल्या बेसचा खेळाडू एप्रिल १९५६ मध्ये मिलवॉकीकडून सिनसिनाटीकडे आला. कान्सच्या १९५७ च्या संचात तो आहे, १९५६ च्या संचात नाही. टेड क्लुझेव्स्कीसारखा खेळाडू त्याच जागी असताना क्रो राखीवच राहणार आणि राखीव खेळाडूचे कार्ड कोणी कशाला काढील, हे साधे उत्तर समोर होते. परंतु अभ्यासाची गोडी लागलेल्या माणसाला साधी उत्तरे पचत नाहीत. हंगाम सुरू झाल्यावर क्रोचे कार्ड, म्हणजे त्या संचातले सोळावे, थोड्या प्रमाणात छापून काही पाकिटांत घातले गेले असावे, असे एक अनुमान मी मनाशी बांधले, आणि वाचनालयात मायक्रोफिल्मवर १९५६ ची वृत्तपत्रे काढून हॉटडॉगच्या जाहिराती पाहण्यात कित्येक शनिवार घालवले. क्रोच्या कार्डाचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही.

हा विक्रेता भेटला तो एका खऱ्या कार्डामुळे. त्याच्याकडून मी १९५९ चे एक कार्ड ४० डॉलरला घेतले. ते अस्सल होते, वर्णनापेक्षा थोडे चांगलेच निघाले आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये व्यवस्थित बांधून तीन दिवसांत घरी आले. आभाराचे पत्र पाठवले तेव्हा त्याने आपुलकीने विचारले की मी आणखी काय शोधतो आहे. त्याचे वडील मांस पोहोचवणाऱ्या गाडीवर कामाला होते, घराच्या माळ्यावर अजून काही खोकी उघडायची राहिली आहेत, असेही त्याने लिहिले. एखाद्या जिज्ञासू माणसाला मनातले सांगण्यात वेगळाच आनंद असतो. मी त्याला दोन पानी पत्र लिहिले. क्रोविषयीचे अनुमान, ते कार्ड असलेच तर मागे मैदान दिसायला हवे, पाठ कोरी हवी, पट्टी शाबूत असण्याची शक्यता कमी, आणि सॉसेजच्या तेलकटपणाचे डाग असतील तर मला ते उलट पुराव्यासारखेच वाटतील, हे सगळे मी त्यात लिहिले. ते पत्र आज वाचताना स्पष्ट दिसते की मी त्याला मागणीपत्रच पाठवले होते, तेही मापांसकट.

साडेतीन आठवड्यांनी उत्तर आले. माळ्यावरच्या एका खोक्यात पाच कार्डे निघाली होती: रॉबिन्सन, ब्रूक्स लॉरेन्स, हर्शेल फ्रीमन, जॉन क्लिपस्टीन आणि ‘तुम्ही म्हणत होता तो क्रो’. सोबतची छायाचित्रे किंचित अंधुक होती. किंमत त्याने स्वतः सांगितली नाही. मलाच बोलायला लावले. मी १,८०० म्हणालो, त्याने दुसऱ्या एका संग्राहकाचे नाव न घेता उल्लेख केला, आणि दोन दिवसांत आम्ही २,४०० वर आलो. पैसे पाठवताना त्याने विनंती केली की ‘वस्तूंची खरेदी’ हा पर्याय न निवडता ‘मित्र व नातेवाईक’ हा पर्याय निवडावा, म्हणजे त्याचे शुल्क वाचेल. पहिल्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण असते आणि दुसऱ्यात नसते, हे मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. माहीत होते. फक्त त्या क्षणी ७० डॉलरवरून घासाघीस केली तर सोळावे कार्ड हातचे जाईल, एवढीच धास्ती होती.

कार्डे आली त्या संध्याकाळी मी ती जेवणाच्या टेबलावर मांडली. लॉरेन्स, फ्रीमन आणि क्लिपस्टीन यांच्या कार्डांची खालची पट्टी कापलेली होती; रॉबिन्सन आणि क्रो यांची शाबूत होती. माझ्याकडे अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी आहे. आधुनिक कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायने तिच्या प्रकाशात निळसर चमकतात. पाचांपैकी एकही कार्ड चमकले नाही, तेव्हा माझी खात्रीच पटली. मात्र या कसोटीने फक्त कागदाविषयी काही कळते, छपाईविषयी नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागचा किंवा जुन्या वह्यांचा कोरा पुठ्ठा आजही विकत मिळतो आणि त्यावर आज छापलेले चित्रही तितकेच निमूटपणे अंधारात राहते. शिवाय ही रसायने कागदात येऊ लागली ती साधारण १९५० च्या आसपास, म्हणजे १९५६ च्या कार्डाबाबत चमक किंवा तिचा अभाव, दोन्हींवर फार भरवसा ठेवता येत नाही.

दोन महिन्यांनी मी ती कार्डे शहराबाहेरच्या एका प्रदर्शनात नेली. तिथे चाळीस वर्षे हा व्यवसाय करणारे एक वृद्ध गृहस्थ बसतात. त्यांनी क्रोचे कार्ड हातात घेतले, काहीच बोलले नाहीत, दहापट मोठे दिसणारे भिंग माझ्या हातात दिले आणि टोपीच्या खालची सावली पाहायला सांगितले. काळ्या शाईच्या एकाच छपाईत करडा रंग फक्त काळ्या ठिपक्यांच्या लहानमोठ्या आकारातून तयार होतो. त्या सावलीत मला निळे, गुलाबी आणि पिवळे कण दिसले. घरगुती इंकजेट प्रिंटर करडा रंग असाच चार शायांतून जमवतो. मग त्यांनी जाहिरातीच्या पट्टीवरची अक्षरे दाखवली. लॉरेन्सच्या कार्डाची पट्टीच नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या पेटीतले १९५६ चे एक पूर्ण कार्ड काढून शेजारी ठेवले. त्याच्यावरची अक्षरे भरीव आणि कडेला धारदार होती; माझ्या कार्डावरची तुटक ठिपक्यांची, कडेला फुटलेली. मूळ कार्डाचे छायाचित्र घेऊन ते पुन्हा छापले की अक्षरांचे असे होते.

डागांचा उलगडा मात्र मला स्वतःला झाला, आणि तो मिरजेतच होऊन गेला असता इतका सोपा होता. भजी बांधून आणलेला कागद उजेडासमोर धरला तर तेल लागलेली जागा अर्धपारदर्शक दिसते, डाग दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी असतो आणि त्याची कड विरत जाते. लॉरेन्स, फ्रीमन आणि क्लिपस्टीन यांच्या कार्डांवरचे डाग अगदी असेच होते. क्रो आणि रॉबिन्सन यांच्या कार्डांवरच्या डागांना कडेने गडद तपकिरी रेघ होती. बशीत सांडलेला चहा वाळला की कडेला उमटते तशी. पुढचा डाग आणि मागचा डाग एकमेकांवर येत नव्हते, उजेडात धरले तरी पुठ्ठा तिथे पारदर्शक होत नव्हता, आणि भिंगातून पाहिल्यावर छपाईचे कण डागाच्या वर बसलेले दिसत होते. म्हणजे कार्ड आधी सत्तर वर्षांचे झाले होते आणि मग छापले गेले होते. रोज चार वेळा चहा पिणाऱ्या माणसाला चहाचा डाग ओळखता आला नाही, याचे मला पैशांहून जास्त वाईट वाटले.

राहता राहिले छायाचित्र. घरी येऊन मी १९५७ च्या क्रोच्या कार्डाची प्रतिमा त्याच मापात छापली आणि काचेखाली दिवा लावून दोन्ही एकमेकांवर ठेवली. बाहीची घडी, टोपीची सावली, ओठांचा कोपरा, काहीच हलले नाही. १९५७ चा क्रो करड्या पार्श्वभूमीतून कापून १९५६ च्या मैदानावर आणून उभा केला होता. मैदान कुठून आले तेही शोधल्यावर मिळाले: त्याच संचातल्या दुसऱ्या एका कार्डाची पार्श्वभूमी, डावी-उजवी उलटवून. तीन खरी कार्डे कशासाठी होती, हे तेव्हा समजले. त्यांच्या सोबतीने दोन खोटी कार्डे माझ्या नजरेखालून निघून गेली.

विक्रेत्याने पहिल्या पत्राला ‘वडिलांच्या खोक्यात जे होते ते दिले’ असे उत्तर दिले. दुसऱ्याला उत्तर आले नाही. पैसे पाठवणाऱ्या सेवेने नियमावर बोट ठेवले आणि नियम त्यांच्या बाजूने होता. पाकीट टपालाने आले असल्याने अमेरिकेच्या टपाल निरीक्षण सेवेकडे आणि ऑनलाइन गुन्ह्यांसाठीच्या एफबीआयच्या केंद्राकडे मी तक्रारी नोंदवल्या आहेत. इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. छंदाच्या वस्तूंच्या नकलांविषयी अमेरिकेत १९७३ चा एक कायदा आहे आणि त्यानुसार नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक आहे. परंतु तो कायदा नाणी आणि राजकीय बिल्ले यांसारख्या वस्तूंपुरता आहे, बेसबॉल कार्डे त्यात येत नाहीत. खोटे सांगून विकणे हा अर्थातच वेगळा गुन्हा ठरतो, पण तो सिद्ध करताना विक्रेत्याला ठाऊक होते हे दाखवावे लागते. माझे दोन पानी पत्र आणि त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी हुबेहूब त्याच वर्णनाचे निघालेले कार्ड, हाच माझ्याजवळचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

तक्रारीनंतर दीड महिन्याने नदीपलीकडच्या केंटकीतील एका संग्राहकाचा मला निरोप आला. त्यांनी दुसऱ्या नावाच्या एका विक्रेत्याला आपण कोणते दुर्मीळ कार्ड शोधत आहोत हे कळवले होते, आणि महिन्याभरात तेच कार्ड ‘वडिलांच्या खोक्यात’ सापडले होते. मी त्यांना भिंगातून घेतलेली छायाचित्रे आणि चहाच्या रेघेचा फोटो पाठवला. त्यांनी पट्टीवरच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो आणि पैशांसाठी संरक्षण असलेला पर्याय, अशा दोन गोष्टी विक्रेत्याकडे मागितल्या. त्यावर त्याने पत्रव्यवहार थांबवला.

आता कोणी विचारले की मी काय शोधतो आहे, तर मी ‘कान्सची कार्डे’ एवढेच सांगतो आणि त्यांच्याकडे काय आहे ते आधी पाहायला मागतो. क्रोविषयीच्या टिपणांची वही मी फेकलेली नाही; तिच्या शेवटच्या पानावर या व्यवहाराच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. दोन्ही खोट्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर मी न पुसणाऱ्या शाईने मराठीत आणि इंग्रजीत ‘नक्कल’ असे लिहिले आहे, म्हणजे माझ्यानंतर मुलांनी हे खोके उघडले तर त्यांच्याकडूनही ती कोणाला खरी म्हणून विकली जाणार नाहीत.