नागपूर कमी पैशात फिरायचं: भाड्याची स्कूटी की मेट्रो आणि पायी?

नागपुरात दोन-तीन दिवस आहेत, खर्च हात राखून करायचा आहे, आणि ठरत नाहीये की भाड्याने स्कूटी घ्यावी का मेट्रोने जाऊन पायी फिरावं. मी स्वतः दोन्ही केलंय, पाहुण्यांनाही दोन्ही तऱ्हेने फिरवलंय, तर मला जे वाटतं ते सांगतो, तुमचं मत वेगळं असू शकतं.

आधी स्कूटीचं, कारण तिचे फायदे खरेच आहेत. संध्याकाळी फुटाळा तलाव, तिथून सेमिनरी हिल्स, मग रात्री उशिरा सावजी जेवायला लांब कुठेतरी, हे मेट्रोने जमत नाही. फुटाळ्याला लागून स्टेशन नाही आणि रात्री उशिरा मेट्रोही नाही. दोघं असाल तर भाडं अर्धं-अर्धं होतं. फक्त डिपॉझिट, पेट्रोल, आणि जिथे थांबाल तिथल्या स्टँडचे पैसे धरून हिशेब करा, नाहीतर स्वस्त वाटलेली गाडी दिवसाच्या शेवटी तेवढी स्वस्त राहत नाही.

पण मला खुपलं ते पैशाचं नाही. गाडी जिथे लावली तिथे परत यावंच लागतं, बस एवढंच, आणि नागपूरचा जो भाग खरा पाहण्यासारखा आहे तिथे हीच गोष्ट सगळा मूड घालवते. महाल या जुन्या वस्तीत गांधी गेटजवळ गाडी लावली, बडकस चौकापर्यंत चालत गेलो, पुढे मूर्तिकारांची चितार ओळ, पुढे इतवारीचा सराफा दिसून राहिला, पण डोक्यात सारखं की गाडी मागे राहिली, उचलून तर नेली नसेल ना, हेल्मेट आरशाला तसंच अडकवलंय. मग अर्ध्यातून मागे फिरायचं. बरं, गाडी सोबत घेऊन इतवारीत शिरावं तर हातगाड्या आणि पोत्यांच्या मधून हँडल काढता काढता दुकानांकडे बघणं होतच नाही.

तेच मेट्रोने कसं होतं बघा. कॉटन मार्केटला उतरायचं, गांधीसागर तलावाच्या काठाने महालात शिरायचं, गल्ली नेईल तसं चालायचं आणि सेंट्रल अॅव्हेन्यूवर निघून चितार ओळ चौक नाहीतर अग्रसेन चौक, जे स्टेशन जवळ असेल तिथून परत बसायचं. मागे फिरायचा प्रश्नच नाही. गणपतीच्या आधी आलात तर चितार ओळीत नक्की थांबा, ओल्या मातीचा वास असतो आणि एकेका मूर्तीचे डोळे रंगवताना कारागीर श्वास रोखून बसलेला असतो, हे गाडीवरून जाताना दिसणारच नाही.

बाकीचंही बऱ्यापैकी जमतं. झिरो माइलला उतरून ब्रिटिशांच्या सर्व्हेचा 1907 सालचा दगडी खांब आणि चार घोडे पाहायचे, तिथून अजब बंगला चालत (1863 सालचं म्युझियम आहे, सोमवारी बंद). दीक्षाभूमीसाठी रहाटे कॉलनी, थोडं चालावं लागतं पण चाला, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या जागी पायी पोचणं मला तरी जास्त बरं वाटतं. आणि लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या लाइनवर सुभाष नगरच्या आसपास खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो, तेवढ्यासाठीही तिकीट काढायला हरकत नाही.

शेअर ऑटो स्वस्त आहे, पण नव्या माणसाला रूट कळत नाहीत. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर बघायचं असेल तेव्हा मात्र उपयोगी, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो.

मे महिन्यात येणार असाल तर पायी फिरायचं ते सकाळी नऊच्या आत आटपा, दुपारी म्युझियम धरा. आणि फुटाळ्यासाठी गाडी लागलीच तर एका संध्याकाळपुरती घ्या, पूर्ण मुक्कामाची नको.