तिकिटांची अदलाबदल: एकाच दिवशी पाठवावीत की मध्यस्थाकडे द्यावीत?

ऑनलाइन समूहांतून अनोळखी संग्राहकाशी टपाल तिकिटांची अदलाबदल करताना मार्ग मुख्यतः दोनच उरतात. दोघांनी एकाच दिवशी स्पीड पोस्टाने पाकिटे रवाना करून ट्रॅकिंग क्रमांक परस्परांना कळवायचे, किंवा दोघांनीही तिकिटे समूहातील एखाद्या जुन्या, विश्वासू सदस्याकडे पाठवायची आणि त्याने तपासून ती पुढे धाडायची. नव्या सदस्याने आधी पाठवावे, हाही एक संकेत आहे. पण त्यात सारा धोका नवख्याच्याच माथी येतो.

पहिला मार्ग निःसंशय सुटसुटीत आहे. तिसऱ्या कोणाची मिनतवारी करावी लागत नाही आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यावर तर सांगलीच्या खिडकीवर दोहोंपैकी काय निवडावे, हा प्रश्नही उरलेला नाही.

माझे मन मात्र एका गोष्टीने उडाले. ट्रॅकिंग क्रमांक पाकिटाची हकीकत सांगतो, आतल्या तिकिटांची नव्हे. १९४८ च्या गांधी मालिकेतील बारा आण्यांचे मिंट, म्हणजे न वापरलेले, तिकीट मला छायाचित्रात मूळ गोंदासह दिसले होते. हाती आले त्याच्या पाठीवर गोंद नव्याने चढवलेला होता. विचारणा केल्यावर समोरून उत्तर म्हणून फक्त ‘डिलिव्हर्ड’ असा स्क्रीनशॉट आला, म्हणजे ज्या नोंदीवर माझी भिस्त होती, तीच त्या गृहस्थांची ढाल झाली. रिकामे पाकीटदेखील त्या नोंदीत तितक्याच रीतसर पोहोचते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनचा खरा उपयोग खात्यातून गेलेली रक्कम वाटेत रोखण्यासाठी आहे, आणि वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली असता रोखायला रक्कमच नसते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे खरे, परंतु एका तिकिटासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढलेला संग्राहक निदान मला तरी भेटलेला नाही.

मध्यस्थाच्या मार्गात टपालखर्च जवळजवळ दुप्पट होतो आणि वेळ तर विचारूच नये. आमचे मध्यस्थ मिरजेचे एक ज्येष्ठ संग्राहक आहेत, त्यांच्या घरी कार्य निघाले की पाकिटे महिनाभर कपाटात पडून राहतात. तरीही ते भिंगाखाली कडेची छिद्रे, गोंद आणि वॉटरमार्क (कागदातील जलचिन्ह) पाहतात, दोघांनी आधी पाठवलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांशी ताडून घेतात आणि शंका आल्यास दोन्ही पाकिटे ज्याची त्याला परत करतात. मध्यस्थ निवडताना तो आपल्याच विषयाचा संग्राहक नसलेला बरा, कारण मोह कोणालाही होऊ शकतो.

वापरलेल्या साध्या तिकिटांच्या पुडक्यासाठी किंवा जुन्या परिचितांशी व्यवहार असेल तर पहिला मार्ग कदाचित पुरेसा ठरेल, आणि घाई असणाऱ्यांना तोच पटेल. मिंट तिकीट असेल तर मी मात्र मिरजेचाच पत्ता कळवतो, आणि समोरच्याने त्याला नकार दिला तर कारण न विचारता तो व्यवहार सोडून देतो.