सावंतवाडीची लाकडी फळं, भातुकली आणि पांगुळगाडा: शिमग्यापासून चतुर्थीपर्यंतचा वापर

शिमग्याच्या सुमारास सावंतवाडीच्या चितारआळीतून ही खेळणी घेतली. आता चतुर्थीही होऊन गेली आणि एवढ्या काळात ती एक दिवस कपाटात गेलेली नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे, चार वर्षांची मुलगी आणि तेव्हा नुकता उभा राहायला लागलेला मुलगा. घर वेंगुर्ल्याजवळ. पुढे शेणाने सारवलेलं खळं (अंगण), पडवी, मागे परसू आणि गोठा. घराचं वर्णन अशासाठी की खेळण्यांचा अर्धा अनुभव जागेवर असतो, आणि आमच्याकडे जागा मोकळी आहे.

घेतलं ते असं: फळांची टोपली (हापूस, काजूचं बोंड, केळं, सीताफळ, पेरू, लिंबू आणि आवळ्याएवढी काही बारकी फळं), भातुकलीचा संच आणि पांगुळगाडा. थोडक्यात मत हवं असेल त्यांच्यासाठी: फळं डोळे मिटून घ्या. भातुकली मूल बोलायला लागल्यावर घ्या. पांगुळगाडा जागा असेल तरच. बारकी फळं मात्र तान्ह्या मुलाच्या घरात नकोत, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी फळं, कारण सगळ्यात जास्त गंमत त्यांनीच आणली.

चिताऱ्याचं काम इतकं हुबेहूब आहे की हापूसच्या देठाजवळची लाली सुद्धा सुटलेली नाही. काजूच्या बोंडाला बी खाली लटकलेली आहे. सासरे काजूवाले, त्यांनी चष्मा लावून ते बोंड सगळ्या बाजूंनी तपासलं आणि ‘बी बरोबर जागेर आसा’ असं प्रमाणपत्र दिलं. फळांसाठी पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. ते वजनाला हलकं असतं, त्यामुळे धाकट्याने पेरू ताईच्या डोक्यावर आपटला तरी रडारड दोन मिनिटांत थांबते. हा गुण मला दुकानात कळला नव्हता, घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळीच कळला.

मे महिन्यात सासऱ्यांनी माळ्यावर गवतात आंब्याची आढी घातली. मोठीने आपला लाकडी हापूस त्यांच्या नकळत आढीत नेऊन ठेवला, पिकायला. रोज सकाळी आजोबांबरोबर माळ्यावर जायची, आंबा काढायची, अंगठ्याने दाबायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची. ‘आजोबा, माझो अजून कच्चोच.’ आजोबा पण हातात घेऊन तितक्याच गांभीर्याने बघायचे आणि म्हणायचे, ‘होय गो, तुझो आंबो उशिराचो.’ बाकीची आढी पिकली, खाल्ली, संपत आली, हिचा आंबा काही पिवळा होईना. मग एक दिवस तो दिसेनासाच झाला. घरभर शोधलं. गोठ्यात शोधलं. चौथ्या की पाचव्या दिवशी मुंबईहून नणंदेचा फोन आला. तिला दिलेल्या पेटीत खालच्या थरात तो गेला होता, आणि तिच्या घरी आलेल्या पाहुण्यासाठी तिने सुरी चालवल्यावर हा प्रकार उघडा पडला. मोठीने फोन हिसकावून घेतला. तिचा प्रश्न एकच होता: ‘आत्या, पिकला काय?’

चतुर्थीला आत्या तो आंबा घेऊन आली, सुरीच्या खुणेसह. त्या दिवशी सासरे माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होते. नारळ, सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळे, कवंडळं, तवसं, सगळं बांधून झालं होतं. मोठीने आंबा पुढे केला आणि म्हणाली, बाप्पाला कच्चा चालतो ना? सासूबाई देवाच्या बाबतीत फार काटेकोर. मला वाटलं आता नाही म्हणतील. त्यांनी आंबा पदराला पुसला आणि स्वतः सुतळी काढून दिली. आरतीला आलेल्या प्रत्येकाला मोठीने हात धरून माटवीखाली नेलं आणि गणपतीच्या आधी आंबा दाखवला. भाद्रपदात हापूस कुठून आला म्हणून दोन-तीन जण खरोखर चकित झाले, आणि तेवढ्यावर तिचा सण साजरा झाला.

केळ्याची गोष्ट धाकट्याची. त्याने ते गोठ्यातल्या वासराला दिलं. वासराने चाटलं आणि तोंड फिरवलं. यावर त्याने एवढा आकांत केला की शेजारची काकू धावत आली. मोठीने त्याला समजावलं, ‘अरे, त्याला साल नको. सोलून दे.’ मग दोघांनी मिळून ते केळं सोलायचा प्रयत्न केला. बराच वेळ.

आता बारकी फळं. लहान मुलांच्या खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. मी घरी पट्टी लावून बघितलं तेव्हा टोपलीतली बारकी फळं त्या मापाच्या आतच निघाली. त्याच दिवशी ती बाजूला काढली आणि सासऱ्यांकडे दिली. त्यांनी ती धाकट्याचा हात पोचणार नाही अशा एकमेव ठिकाणी ठेवली, म्हणजे आपल्या पानाच्या डब्यात. पुढच्या आठवड्यात भजनाचे एक बुवा आले. सासरे आत चहाचं सांगायला गेले, तेवढ्यात बुवांनी डबा ओढून, बोलता बोलता त्यातलंच एक फळ अडकित्त्यात धरलं. दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबलं. ‘सुपारी लय कडक आसा हो तुमची!’ मोठी दारात उभी होती. ती म्हणाली, ‘ती सुपारी नाय, तो आवळो. तुम्ही माझो आवळो कापतास.’ बुवा आता आमच्याकडे आले की आधी तिला विचारतात आणि मगच डबा उघडतात.

भातुकलीकडे वळते. चूल, जातं, पोळपाट-लाटणं, उखळ-मुसळ, पातेली, ताटवाट्या. जातं खरोखर फिरतं, पण त्यातून पीठ पडत नाही. मोठीने त्यात तांदूळ भरले आणि ते काढायला नवऱ्याला गोधडी शिवायची सुई घेऊन बसावं लागलं. तेव्हापासून जात्यात फक्त हवा दळली जाते.

या संचात मासे नाहीत, आणि आमच्याकडे मुलाला स्वयंपाक म्हटलं की मासेच सुचतात. तिने स्वतःच सोय केली. आंब्याची लांब पानं म्हणजे बांगडे, फणसाची रुंद पानं म्हणजे सरंगे. पडवीत टोपली घेऊन बसते, दर सांगते, घासाघीस करते आणि गिऱ्हाईक फार बोललं तर टोपलीवर फडकं टाकून ‘नको तर ऱ्हाऊ दे’ म्हणते. बाजारातल्या मासेविक्या मावशींचा हा सूर तिने कधी उचलला ते कळलंच नाही. जूनच्या सुरुवातीला सासऱ्यांनी विचारलं, ‘आज कालवण कसला गो?’ उत्तर आलं, ‘बंदी लागली ना आजोबा! ट्रॉलर बंद.’ आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ते तिने मोठ्यांच्या बोलण्यातून टिपलं होतं. मग पुढचे दोन महिने तिच्या चुलीवर ताजं पान चढलं नाही. परसातली वाळकी, तांबूस पानं गोळा करून तिने डब्यात भरली होती. ते सुके बांगडे. सोमवारी तेही नाही. सोमवारी तिच्याकडे पूर्ण शाकाहार असतो आणि कुणी मासे मागितले तर ती कानाला हात लावते.

याच कारणासाठी मला ही भातुकली फार मोलाची वाटते. बटण दाबल्यावर गाणारं आणि लुकलुकणारं खेळणं आमच्याकडे आलं तेव्हा दोन्ही मुलं त्याच्याकडे बघत बसायची. ही चूल काहीच करत नाही, त्यामुळे सगळं मुलांना करावं लागतं. फोडणीचा आवाज तोंडाने, चटका लागल्याचं नाटक हाताने, आणि जेवायला घरातली सगळी माणसं. सासूबाई गेली कित्येक वर्षं दुपारी आडव्या व्हायच्या, आता पडवीत मांडी घालून हवेची भाकरी खातात आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार करतात. मग मोठी रागावते, आणि दोघी अर्धा तास एकमेकींना स्वयंपाक शिकवतात.

पांगुळगाड्याबद्दल एक फरक नीट समजून घ्या. ज्यात मुलाला मध्ये बसवतात आणि ते पायाने ढकलत सुटतं, त्या वॉकरला बालरोगतज्ज्ञ विरोध करतात. कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी आणली. पांगुळगाड्यात मूल बसत नाही, आपल्या पायावर उभं राहून दांडी धरून ढकलतं. तरी पायऱ्या आणि ओटा यांच्याजवळ एक मोठं माणूस लागतंच. आमच्या गाड्याची चाकं गुळगुळीत फरशीवर पळतात, तिथे सुरुवातीला मूल तोंडावर पडायची भीती असते. सारवलेल्या खळ्यात तो बेताने चालतो. ताज्या सारवणावर मात्र चाकांच्या रेघा उठतात. सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्या पुसल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून दाखवल्या आणि तिसऱ्या दिवसापासून धाकटा उठायच्या आत सारवून ठेवायला लागल्या.

गाडा वळत नाही, ही त्याची खरी उणीव. भिंत आली की धाकटा तिथेच उभा राहून हाक मारतो, आणि जवळ असेल त्याने येऊन गाडा फिरवून द्यायचा. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने एकदा फिरवून दिला. धाकटा दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन पुन्हा ओरडला. त्या भल्या माणसाने पुन्हा फिरवला. मीटरचा आकडा लिहून होईपर्यंत हे चाललं होतं. पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा धाकट्याने लांबूनच ओळखून गाडा मुद्दाम भिंतीला नेऊन टेकवला.

पावसाळ्यात लाकूड कसं टिकतं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, कारण आमच्या पट्ट्यात मोसमात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घरात चपलांपासून देवघरापर्यंत सगळ्याला बुरशी येते. कातकामाचे तुकडे, म्हणजे लाटणं, मुसळ, वाट्या, यांच्यावर लाखेचं काम आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून लाकडावर बसते. हे तुकडे अजून चकचकीत आहेत. ब्रशने रंगवलेल्या फळांचे मात्र टवके उडाले, विशेषतः जिथे धाकट्याचे दात लागले तिथे. चूल आणि जातं यांच्या खालच्या बिनरंगी बाजूला जुलैत पांढरी बुरशी धरली. कोरड्या फडक्याने पुसून, उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवून आणि उरलेले दिवस चुलीच्या वरच्या फळीवर ठेवून ती गेली. पाण्याने धुवू नका. रात्रभर खळ्यात राहिलेल्या उखळाला बारीक चीर गेली आहे. खेळण्याला त्याने काही फरक पडत नाही, पण कडेला पॉलिश पेपर मारावा लागला.

टवक्यांवरून रंगाचा प्रश्न येतो. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे हाताने केलेल्या खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही म्हणून ते बेकायदा ठरत नाही, आणि म्हणूनच विचारायची जबाबदारी आपल्यावर येते. कुठला रंग, कोणत्या वयासाठी, तोंडात घातलं तर चालेल का, हे स्पष्ट विचारा. चितारआळीत हे विचारल्यावर कुणी वैतागलं नाही. तोंडात घालायच्या वयाच्या मुलासाठी मी आता फक्त लाखेच्या कामाचे मोठे तुकडे ठेवले आहेत. फळं मोठीच्या ताब्यात, आणि ती मोजून ठेवते.

किमतीला हे सगळं प्लॅस्टिकच्या संचापेक्षा महाग पडतं. एकदम सगळं न घेता आधी फळांची टोपली घ्या, मुलं कशी खेळतात ते बघा आणि भातुकली पुढच्या खेपेला. मुंबईहून सणाला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सावंतवाडी रोड स्थानक मळगावात आहे, बाजारपेठ तिथून लांब पडते, रिक्षा करावी लागते. गाडी सुटायच्या दिवशी घाईत जाऊ नका. मुलांना बरोबर न्या, प्रत्येक वस्तू त्यांच्या हातात द्या आणि चाकं जमिनीवर चालवून बघा. आमच्या मोठीने दुकानातच चूल मांडून दुकानदारांना चहा पाजला होता, त्यांनी तो संपवला आणि मगच बिल केलं.