सेंट्रल पार्क: आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी (आणि भाड्याच्या सायकलींबद्दल)

बाबा कोल्हापूर डेपोला एसटी ड्रायव्हर होते, ३० वर्षं गाडी चालवली, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये बिल्डिंगा सोडून ते फक्त रस्ते बघत होते. आम्ही न्यू जर्सीहून ट्रेनने आलो, पुढे सबवेने ८१ स्ट्रीटला उतरलो आणि पार्कात शिरून खडकावरच्या बेल्वेडेर कॅसल या छोट्या किल्ल्यापर्यंत गेलो. त्या खडकाच्या पोटातून बोगदा काढलाय, त्यातून बस पूर्वेकडनं पश्चिमेला जाते आणि वर पोरं खेळत असतात, त्यांना पत्तासुद्धा नाही. बाबा कठड्याशी उभे राहून पंधरा मिनिटं खालच्या गाड्या बघत होते. म्हणाले, "अगं, डोकं लावलंय बघ."

खरंच लावलंय. शहराला आडवे चार रस्ते हवेच होते, पार्क आखणाऱ्या ओमस्टेड आणि व्हॉक्सनी १८५८ च्या प्लॅनमध्ये ते जमिनीच्या पातळीखाली घातले, तेव्हा तर घोडागाड्याच होत्या! आज ८४३ एकरांच्या बागेतून टॅक्सी, बस, अँब्युलन्स सगळं जातं पण चालणाऱ्याच्या वाटेत येत नाही.

आतला गोल रस्ता मात्र कितीतरी वर्षं गाड्यांसाठी उघडा होता. १९६६ ला वीकेंडपुरता बंद करायला सुरुवात झाली आणि पूर्ण बंद व्हायला जून २०१८ उजाडला, म्हणजे ५० वर्षांच्या वर लागली. आता तिथे सायकली, धावणारे आणि घोड्यांच्या बग्ग्या.

सायकली बाहेरच्या एका दुकानातून २ तासांसाठी घेतल्या, ब्रेक चांगले होते, हेल्मेट मिळालं, सीट लेकीच्या उंचीला लावून दिली आणि वन-वे आहे, घड्याळाच्या उलट दिशेनेच जायचं हे त्या मुलाने नकाशावर दाखवून सांगितलं. पूर्ण फेरी जवळपास १० किमी. उत्तरेला हार्लेमचा चढ आहे, तिथे दम निघतो, लहान मुलं असतील तर १०२ स्ट्रीटजवळचा शॉर्टकट घ्या. पायवाटेवर सायकल चालवायची नाही, उतरून हातात धरून न्यायची.

एक गोष्ट अजिबात आवडली नाही. गाड्या गेल्या पण इ-बाइक सुसाट येतात, झेब्रा क्रॉसिंगवर आईचा हात धरून उभी होते तर कोणी थांबेना, आईचे गुडघे दुखतात, तिला पळता येत नाही. शेवटी एक धावणारी बाई मधे उभी राहिली आणि हात करून सायकली थांबवल्या, तेव्हा आम्ही ओलांडलं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर शक्य तिथे कमानींच्या पुलाखालून जाणारी पायवाट धरा, रस्ता ओलांडावाच लागत नाही.

आणि पेडिकॅब, म्हणजे तिथली सायकलरिक्षा, मिनिटावर पैसे घेते. गाडीवर रेट लिहिलेला असतो तो बसायच्या आधी वाचा, आम्ही नाही वाचला आणि २० मिनिटांत खिसा रिकामा झाला.

दुकानाला ५ पैकी ५, खालच्या रस्त्यांना बाबांकडून ५ पैकी ५, क्रॉसिंगला माझ्याकडून २. परत जाणार आहोत, बाबांना ९७ स्ट्रीटचा रस्ता बघायचा राहिलाय.