गुन्हा एन्ट्रीत आहे: ‘द वायर’ सीझन 2, डीव्हीडीवर

कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने येतो, म्हणजे कोणी चुकीचं टाइप केलं तर तिथल्या तिथे कळावं. बेलापूरला एका सीएचएच्या, म्हणजे माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते मी, दिवसभर याच नंबरांत असते. त्यामुळे ‘द वायर’ या ज्या अमेरिकन क्राइम सीरियलच्या दुसऱ्या सीझनमध्ये रहस्य पिस्तुलात नसून कंटेनरच्या एन्ट्रीत आहे, ती आपल्या न्हावा शेव्याच्या माणसांनी तरी बघायलाच हवी.

एचबीओने 2003 साली दाखवलेले बारा भाग या सेटमध्ये पाच डिस्कवर आहेत. मी तो सीवूड्सच्या एका गृहस्थांकडून जुना घेतला, घर बदलताना ते सगळं कपाट काढून टाकत होते. अमेरिकन सेट आहे, रीजन 1, म्हणजे तिकडच्या प्लेअरवर चालणारा. आपल्याकडचे प्लेअर रीजन 5, तेव्हा घेण्याआधी आपला प्लेअर सगळे रीजन चालवतो का ते बघा. नाहीतर पाचही डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाच्या. बॉक्सची आतली पानं तकलादू आहेत, माझ्या सेटचा एक दात तुटलेलाच आला. डिस्क मात्र एकदाही अडकली नाही.

पहिल्या सीझनमध्ये बाल्टिमोरच्या वस्तीतले ड्रग्जवाले होते. दुसरा सुरू होतो आणि आपण थेट गोदीत. पोर्ट पोलिसातली बीडी रसेल फेरी मारताना एका कंटेनरचं सील तुटलेलं बघते आणि दार उघडते. आत तेरा बायकांची प्रेतं. गुदमरून मेलेल्या, कारण हवेसाठी वर काढलेला पाइप चेपला गेलेला. एक चौदावी आधीच पाण्यात सापडलेली असते. यापुढचं सांगत नाही, पण चोरी कशी होते ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

जहाजावरून उतरणारा प्रत्येक कंटेनर चेकर हातातल्या यंत्रात टाकतो. ठरलेल्या कंटेनरच्या वेळी तो तेवढी एक एन्ट्री टाकत नाही. बस. कंटेनर उतरला, ट्रकवर चढला, गेटबाहेर पडला आणि कॉम्प्युटरच्या लेखी तो कुठेच नाही. लेस्टर फ्रीमन आणि बंक हे दोन डिटेक्टिव्ह पोर्टच्या कॉम्प्युटरसमोर बसतात, हरवलेल्या कंटेनरांची यादी काढतात आणि प्रत्येक वेळी ड्युटीवर तोच चेकर, तीच जहाज कंपनी असल्याचं त्यांच्या लक्षात येतं. गोळी नाही, पाठलाग नाही, दोन माणसं स्क्रीनकडे बघत बसलेली. मी मात्र खुर्चीच्या टोकाला आले होते. आमच्याकडे आयजीएम (जहाजाने दिलेली मालाची यादी) आणि बिल ऑफ एंट्री (आयातदाराचा कस्टम्सला दिलेला कागद) जुळत नाही तेव्हा ऑफिसात जी शांतता पसरते, तीच.

पण सीझन उभा आहे तो फ्रँक सोबोटकावर. गोदी कामगारांच्या युनियनचा हा खजिनदार स्मगलरांचे पैसे घेतो ते स्वतःसाठी नाही. कालव्यातला गाळ काढावा, धान्याचा धक्का पुन्हा सुरू व्हावा, जहाजं यावीत म्हणून तो ते पैसे राजकारण्यांवर ओततो. त्याचा पुतण्या निक तरुण, धडधाकट. पण कामाची वाटणी ज्येष्ठतेवर, आणि जहाजंच कमी, म्हणून त्याला महिन्यातून मोजके दिवस मिळतात. आमचे दादा वाशी मार्केटला माथाडीच्या टोळीत होते. इंग्रजी त्यांना कळत नाही, तरी युनियन ऑफिसातला एक प्रसंग चालू असताना ते येऊन बसले, फ्रँककडे बोट करून म्हणाले, “हा मुकादम.” थोड्या वेळाने, “यांची लेव्ही कोण भरतं गं?” लेव्ही म्हणजे मालकाने माथाडी मंडळात भरायची रक्कम. 1969 चा माथाडी कायदा बाल्टिमोरला लागू नाही, हे समजावताना माझा अर्धा भाग निघून गेला.

एका प्रसंगात या कामगारांना रॉटरडॅम बंदराची फिल्म दाखवतात. यंत्रं कंटेनर उचलतात, यंत्रंच वाहून नेतात, माणूस दिसत नाही. फ्रँकचा चेहरा बघा तिथे. 2020 मध्ये कस्टम्सचं फेसलेस असेसमेंट देशभर आलं, आपलं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू लागला, आणि फाइल घेऊन जेएनसीएचला, म्हणजे न्हावा शेव्याच्या कस्टम हाउसला पळणाऱ्या आमच्या पोरांचं काम बघता बघता आटलं. काम सोपं झालं, माझंही. पण त्या पोरांतला एक आता उलव्यात रिक्षा चालवतो. म्हणून तो चेहरा मला ओळखीचा वाटला. धान्याच्या धक्क्यावर शेवटी बिल्डरची नजर पडते, हे ठाण्या-बेलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाल्टिमोरच्या लोकस्ट पॉइंटमधल्या खऱ्या धान्यकोठाराचेही पुढे फ्लॅट झाले.

खटकलेलं: फ्रँकचा मुलगा झिगी. पुढे त्याची कीव येते, पण तिथपर्यंत रिमोट फेकावासा वाटतो. पहिल्या सीझनमधल्या ड्रग्जवाल्यांचा म्होरक्या, आता तुरुंगातल्या एव्हन बार्क्सडेलचा धागा अधूनमधून दुसऱ्याच सीरियलमधून आल्यासारखा येतो. पहिला सीझन बघितला नसेल तर तो कळणारही नाही, तेव्हा इथून सुरुवात करू नका. आणि त्या चौदा बायका. मॅकनल्टी हा पोलीस एकीचं नाव शोधायला दारोदार फिरतो, ते जमत नाही, आणि कथा पुरुषांच्या भांडणांकडे वळते. खरं असंच होतं म्हणतील कोणी. मला तरीही ते कमी वाटलं. बारा तासांत एखादीच्या घरी पाच मिनिटं जाता आलं असतं.

चित्र जुन्या टीव्हीच्या आकाराचं, चौकोनी. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. 2015 मध्ये आलेल्या ब्लू-रेवर ते रुंद करून साफ केलंय. काही दृश्यांना त्याचा फायदा झाला, काहींना तोटा, असं निर्माता डेव्हिड सायमन यांनी स्वतःच लिहिलं होतं. मला चौकोनीच बरं वाटलं. क्रेन उभी असते, कंटेनरांच्या थप्प्या उभ्या, त्या चौकटीत नीट बसतात. सबटायटल लावाच. गोदीवाल्यांची बोली कानाला पटकन लागत नाही, आणि वस्तीतल्या पोरांची त्याहून नाही.

दोन भागांवर सीरियल करणाऱ्यांची कॉमेंट्री आहे. एवढ्या सेटला दोन म्हणजे कंजूषपणा, आणि गोदीच्या कामाची माहिती त्यांनी कुठून काढली हे ऐकायला मला खास एक तिसरी हवी होती. ब्लू-रे फक्त पाचही सीझनचा एकत्र मिळतो, महाग पडतो. जुनी डीव्हीडी स्वस्तात मिळत असेल आणि घरी प्लेअर चालू असेल तर घ्या. पहिले दोन भाग संथ आहेत, तिसऱ्यापर्यंत थांबा. सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला), ट्रान्सपोर्टला, शिपिंग लाइनला कामाला असाल तर थांबायचीही गरज पडणार नाही.