यान बंद पडलं, दोष कोणाला द्यायचा? सामायिक कथाविश्वात लिहिणाऱ्यांसाठी

चार-पाच जणांनी मिळून रचलेल्या जगात विज्ञानकथा लिहायला घेतली की एक प्रश्न लगेच समोर येतो. यान भर प्रवासात बंद पडायला हवं, नाहीतर गोष्टच पुढे सरकत नाही. पण ते पडलं का? चालवणाऱ्याच्या चुकीमुळे, की यंत्रच सदोष होतं म्हणून? एकट्याच्या कादंबरीत काहीही ठरवता येतं. इथे तेच यान दुसऱ्या लेखकाच्या कथेतही उडत असतं.

माझा कल आधीच सांगून टाकलेला बरा. चालकावर खापर फोडणं सर्वांत सोयीचं असतं आणि बहुतेक वेळा सर्वांत अन्यायाचं. यंत्राच्या रचनेला दोष देणं जास्त खरं वाटतं, पण त्याची किंमत बाकीच्या लेखकांना मोजावी लागते. या दोन्हींच्या मधे एक तिसरी जागा आहे आणि माझं मत तिच्या बाजूने आहे.

आधी सोयीचा पर्याय. चूक एका माणसाची असली की ती त्याच्यापाशीच संपते. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या 1988 मधल्या एका भागात यानाचा अभियंता जॉर्डी होलोडेकला, म्हणजे सांगाल ते आभासी जग उभं करणाऱ्या खोलीला, शेरलॉक होम्सच्या धर्तीचं रहस्य रचायला सांगतो. डेटाला (होम्स झालेल्या यंत्रमानव सहकाऱ्याला) हरवू शकेल असा प्रतिस्पर्धी दे, अशी त्याची आज्ञा. म्हणायचं होतं होम्सला हरवणारा. एवढ्या फरकातून स्वतःची जाणीव असलेला मोरिआर्टी, होम्सचा कट्टर शत्रू, उभा राहतो. पुढच्या लेखकांना होलोडेक वापरायला काही अडचण येत नाही, कारण चुकली ती आज्ञा. तरीही माझ्या मनातून एक प्रश्न जात नाही: एका वाक्यावर असं काही घडवून आणणारं, आणि खरंच हे हवं का असं एकदाही न विचारणारं यंत्र निर्दोष कसं?

प्रत्यक्षातही हेच झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानांचे वैमानिक धावपट्टीवर उतरल्यानंतर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच आत घेत आणि विमान पोटावर बसे. ठपका वैमानिकावर. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर दोन्ही कळा एकसारख्या आणि शेजारी-शेजारी होत्या. एकीला चाकाच्या आणि दुसरीला फ्लॅपच्या आकाराची मूठ, हा त्याचा उपाय. 1985 ते 1987 दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. टेक्सासमध्ये ऑपरेटरने नोंद पटकन दुरुस्त केली आणि प्रोग्राममधला दोष उघडा पडला. आधीच्या मॉडेलांत अशा वेळी यंत्र अडवणारी यांत्रिक सुरक्षा होती, ती या मॉडेलात काढून टाकली होती. हे वाचल्यावर ‘ऑपरेटरने चुकीचं बटण दाबलं’ एवढ्यावर कथा संपवायला माझा हात धजावत नाही.

मग रचनेलाच दोष द्यावा का? ‘नेक्स्ट जनरेशन’च्याच 1989 मधल्या एका भागात ‘यामाटो’ हे यान सगळ्या माणसांसकट फुटतं. ते मालिकेतल्या मुख्य यानाच्या, एंटरप्राइझच्याच वर्गातलं, म्हणजे त्याच आराखड्यावर बांधलेलं, त्यामुळे पहिली शंका या वर्गाच्या रचनेवर येते. ती खरी ठरली असती तर एंटरप्राइझही जमिनीवर उतरवावं लागलं असतं आणि मालिका तिथेच थांबली असती. म्हणून लेखकांनी बाहेरून शिरलेल्या परक्या प्रोग्रामवर दोष टाकला. 1993 मध्ये मात्र त्यांनी माघार घेतली नाही. प्रकाशापेक्षा वेगाने नेणाऱ्या वॉर्प इंजिनांमुळे अवकाशाचीच हानी होते असं दाखवून आणीबाणी वगळता वॉर्प 5 ची वेगमर्यादा घातली. विचार धाडसी होता, मला आजही आवडतो. पण ती बेडी प्रत्येकाच्या पायात पडली. पुढे मर्यादा ओलांडायची परवानगी मिळाल्याचे तुरळक उल्लेख आले आणि नंतर ती जवळपास विसरलीच गेली.

रचनेचा दोष एकाच ठिकाणी फुकट मिळतो: यंत्र जगात एकच असेल तिथे. ‘स्टार वॉर्स’मधल्या डेथ स्टार या महाकाय अवकाशतळाची दुबळी जागा 1977 च्या चित्रपटात आली. ती गॅलन अर्सो या शास्त्रज्ञाने मुद्दाम ठेवली होती, हे 2016 मध्ये सांगितलं गेलं. तो तळ आधीच नष्ट झालेला, त्यामुळे कोणाच्याही कथेला धक्का लागला नाही.

आता तिसरी जागा. 1979 च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात आधीच्या पिढीतल्या एंटरप्राइझची अठरा महिने पुनर्बांधणी चाललेली असते. अचानक हुकूम येतो, बारा तासांत निघा. माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणारा ट्रान्सपोर्टर बिघडतो आणि सोनाक या अधिकाऱ्यासह दोघांचा जीव जातो. यंत्र चालवायला रँड उभी असते. इंजिन विभागाचा इशारा येईपर्यंत उशीर झालेला असतो. यानाची सूत्रं नुकतीच हाती घेतलेला कर्क तिला सांगतो की तुझी चूक नव्हती. पुढे वॉर्प इंजिनाचा तोल नीट साधलेला नसताना कर्कच वॉर्प वेग घ्यायला लावतो आणि यान कृत्रिम विवरात ओढलं जातं. समोर येणारा लघुग्रह उडवायला तो फेझर, म्हणजे यानाची किरणास्त्रं, मागतो. त्याच्या हाताखालचा अधिकारी डेकर तो हुकूम मोडून टॉर्पेडो सोडायला लावतो, कारण नव्या रचनेत फेझरची ऊर्जा मुख्य इंजिनातून येते आणि इंजिन डगमगलं की फेझर आपोआप बंद होतात. कर्कला हे ठाऊक नसतं. अडीच वर्षं तो यानावर नव्हता.

इथे वापरणाऱ्याची चूक आहे आणि ती का झाली हेही आहे. घाई, अपुरी चाचणी, अधिकाराचा हट्ट. शिवाय हे सगळं एका यानाचं, एका दिवसाचं. दुसऱ्या लेखकाचा ट्रान्सपोर्टर सुखरूप राहतो आणि कर्क अधिक खरा माणूस होतो. रँडवर बोट ठेवलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

म्हणून बिघडणारं यंत्र तुमच्या जगात सर्रास वापरात असेल, तर या एका यंत्राच्या देखभालीत, घाईत किंवा हुकुमात कारण शोधा. एकमेव असेल तर रचनेला बेलाशक दोष द्या. आणि संबंध वर्गच सदोष ठरवायचा असेल तर लिहिण्याआधी सहलेखकांना विचारा, कारण पुढच्या दहा कथांत ती मर्यादा त्यांना सांभाळायची आहे. चालकाची शुद्ध चूक हवीच असेल तर ती मोठ्या अधिकाराच्या माणसाला द्या आणि त्याला काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं हे त्याच प्रसंगात लिहा.