धुळ्यात घरची सुशी: आठ महिन्यांचा अनुभव

सुशी म्हणजे कच्चा मासा, असं समजूनच मी दिवाळीत सुरुवात केली. खरं तर सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. त्यावर काय ठेवायचं ते नंतरचं. भाताला इंद्रायणी मस्त चालतो, तो विषय संपला. रडगाणं आहे ते माशाचं.

धुळ्यात ताजा मासा मिळतो. धरणातला रोहू, कटला, मरळ सकाळी येतो, मरळ तर टोपलीत वळवळत असते. पण गावातला सगळ्यात ताजा मासा तोच, आणि कच्चा अजिबात खाऊ नये असाही तोच. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाच्या यकृतात ठाण मांडणारे चपटे कृमी असू शकतात. मासेवालीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘कच्चं खाशी? येडा व्हयना का भाऊ?’’ सल्ला फुकट होता, बरोबरही होता.

सुरमई, बांगडा बर्फात बाहेरून येतात. वाटेत बर्फ कितीदा वितळला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत थंडावा तुटला की हिस्टामिन नावाचं, विषबाधा करणारं रसायन साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. लाल कल्ले, चकचकीत डोळे ही आपली परीक्षा रश्शापुरती ठीक. त्यातून 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, म्हणजे सध्या तोही प्रश्न मिटला.

शेवटी मुंबईहून गोठवलेला सामन (सॅल्मन) मासा मागवू लागलो. नॉर्वेतला, पाळलेला. त्याला गोळीखाद्य देतात, त्यामुळे त्यात कृमींचा धोका फार कमी. थर्माकोलची पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, सकाळी आग्रा रोडवर उतरवून घ्यायची. पाकिटावरच्या ‘सुशी ग्रेड’ला भुलू नका, अमेरिकेतसुद्धा या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. विचारायचं ते हे: किती तापमानाला गोठवला, किती दिवस? तिथला अन्न-औषध विभाग उणे 20 अंशांखाली सात दिवस सांगतो. माझ्या फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवून पाहिला, लाइट गेली नसतानाही उणे 14! म्हणजे बाजारातला मासा घरी गोठवून काम भागवायचं, हा बेत तिथेच बारगळला. शिवाय गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू सगळे मरत नाहीत. म्हणून मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, ओट्यावर नाही, आणि त्याच दिवशी संपवायचा.

डिसेंबर-जानेवारीत चारही पेट्या दगडासारख्या कडक आल्या. त्या महिन्यांना पाचपैकी साडेचार. एप्रिलमधली पेटी मात्र उघडली तर मासा लिबलिबीत. पुरवठादार म्हणे, ‘‘आतून गार आहे ना?’’ गार होता, पण कच्चा खायची हिंमत झाली नाही. तव्यावर भाजला, पैसे काही परत मिळाले नाहीत. धुळ्याच्या उन्हात डिकी म्हणजे भट्टी, हे मलाच कळायला हवं होतं.

तेव्हापासून उकडलेली कोळंबी नाहीतर भाजलेलं भरताचं वांगं घालून रोल करतो. वांग्याचा रोल खरंच झकास होतो, फक्त पाणी नीट निथळायचं. मुलीला आणि आईला कच्चं आधीही देत नव्हतो. आई वांग्याचाच रोल घेते, तोही वासाबी (सुशीबरोबरची झणझणीत जपानी चटणी) बाजूला सारून हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर. सामनची पुढची पेटी आता नोव्हेंबरात.